संगणक साहाय्य व प्राथमिक सायबर सुरक्षा प्रशिक्षण (खान्देश)

संगणक, प्रिंटर किंवा नेटवर्क बिघडले की सगळ्यात आधी ज्याला बोलावतात, तो माणूस तयार करणारे शिक्षण. आयटी कंपन्यांत या पायरीला 'एल-वन' म्हणतात: तक्रार ऐकायची, नोंदवायची, जमेल ते तिथेच सोडवायचे आणि उरलेले वर पाठवायचे. मोठ्या कंपन्यांत साहाय्य आणि सुरक्षा हे वेगवेगळे विभाग असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारपेठांत ती चैन नाही. केळीच्या व्यापाऱ्याचे टॅली सुरू करून देणारा, पतसंस्थेचा बॅकअप घेणारा आणि 'खात्यातून पैसे गेले हो' म्हणत आलेल्याला धीर देणारा बहुधा एकच तरुण असतो. म्हणून इथे सुरक्षा पहिल्याच महिन्यात शिकवली पाहिजे.

एमकेसीएल या संस्थेचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम अनेकांचा पहिला उंबरठा. पण त्यात संगणक वापरायला शिकवतात, दुरुस्त करायला नाही. आयटीआयमध्ये 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाला (आताचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) जोडलेल्या महाविद्यालयांतून संगणकाच्या पदव्या मिळतात. कॉम्पटिया संस्थेचे ए-प्लस आणि गूगलचे २०१८ चे आयटी सपोर्ट ही प्रमाणपत्रे म्हणजे बाहेरचे मार्ग. त्यांचा दर्जा चांगला, पण इंग्रजीची भिंत उंच.

खरे शिक्षण होते ते निदानात. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी संगणक आपोआप बंद पडू लागतात. नवशिका लगेच विंडोज नव्याने टाकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार परत हजर. दोष पंख्यात साचलेल्या धुळीचा, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या, पण वाळून गेलेल्या थर्मल पेस्टचा असतो. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, पेस्ट बदलली की काम होते. डिस्प्ले येत नसेल तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे, हा दुकानातला जुना धडा आजही लागू पडतो. विजेचा दाब वरखाली होतो तिथे यूपीएस आणि अर्थिंग आधी तपासावे. नेटवर्कचेही तसेच: आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. ब्राउझर बदलून काही होणार नाही.

सुरक्षेचा सर्वांत नाजूक धडा एनीडेस्कसारख्या साधनांचा आहे. दूर बसून ग्राहकाचा संगणक दुरुस्त करण्याचे हे रोजचे हत्यार, आणि ठगांचेही तेच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना याबाबत सावध केले होते. तंत्रज्ञाने ग्राहक समोर असतानाच, त्याला विचारून जोडणी करावी, त्या वेळी बँकेचे पान उघडू देऊ नये आणि काम संपताच ती तोडावी. तंत्रज्ञ स्वतःच ओटीपी मागू लागला, तर ग्राहकाने खरा आणि खोटा ओळखायचा कसा? शेतकऱ्याला 'ओटीपी कोनलेबी सांगू नका' असे अहिराणीत सांगितलेले जास्त मनावर घेतले जाते. व्हॉट्सअॅपवर योजनेच्या नावाने आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल) उघडू नका, हेही त्याच भाषेत सांगावे.

क्रॅक केलेले (परवाना न घेता चोरून चालवलेले) विंडोज टाकून देण्याची सवय या धंद्याला लागलेला रोग आहे. क्रॅक चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करतात आणि दार उघडे राहते. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फायली कुलूपबंद केल्या. त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. बॅकअपची हार्डडिस्क कायम संगणकाला जोडून ठेवली, तर अशा हल्ल्यात तीही जाते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम.

फसवणूक झालीच तर आधी इंटरनेट तोडायचे, लगेच बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करायचा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ते गोठवता येतात. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६डी खाली गुन्हा आहे. मेसेज, व्यवहार क्रमांक, फाइलचे नाव यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. 'फॉरमॅट मारून देतो' म्हणण्याचा मोह इथे आवरावा लागतो. त्या फॉरमॅटमध्ये पोलिसांना लागणारा पुरावाच पुसला जातो.