मेंदूत रक्तस्राव, ईसीजीत हृदयविकार

अचानक कोसळलेल्या रुग्णाच्या ईसीजीत हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसावेत, रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन, हेही वाढलेले निघावे, आणि तरीही हृदयाच्या धमन्यांत कोठेही अडथळा नसावा, असे घडू शकते. मेंदूच्या आवरणांमधील, म्हणजेच सबअरॅक्नॉइड, रक्तस्रावात हे विशेषकरून आढळते. डोक्याला मार लागलेला नसेल, तर हा रक्तस्राव बहुतेक वेळा मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवरचा फुगा फुटल्यामुळे होतो. हृदयतज्ज्ञ बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्येच मेंदूविकाराच्या रुग्णांच्या ईसीजीतील मोठ्या, बहुधा उलट्या टी-लहरी (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत होतानाची लहर) आणि लांबलेले क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यातील विद्युत-घडामोडीचा कालावधी) यांचे वर्णन केले होते.

धमनी फुटताच कवटीतील दाब एकाएकी वाढतो आणि हायपोथॅलॅमससारख्या, हृदयाच्या गतीवर ताबा ठेवणाऱ्या भागांना धक्का बसतो. त्यामुळे संकटात शरीराला सज्ज करणारी सिम्पथेटिक चेतासंस्था बेफाम होते आणि हृदयाच्या स्नायूत शिरलेल्या चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन या उत्तेजक रसायनाचा लोंढा थेट स्नायूपेशींवर येतो. पेशींत प्रमाणाबाहेर कॅल्शियम शिरते, त्या आकुंचन पावतात, पण नीट सैल होत नाहीत. काही मरतात, बऱ्याचशा नुसत्या बधिर होतात. म्हणूनच इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दुबळा दिसणारा भाग बहुधा कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही, आणि हृदय जितके मंदावलेले दिसते त्या मानाने ट्रोपोनिन कमीच वाढलेले असते. निदानाच्या दृष्टीने मला ही विसंगती सर्वांत मोलाची वाटते.

कारण येथे चूक महागात पडते. झटका समजून रक्त पातळ करणारी किंवा गुठळी विरघळवणारी औषधे दिली, तर मेंदूतील रक्तस्राव आणखी वाढू शकतो. कोसळण्यापूर्वी आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात सुरू झाली होती का, हे नातेवाइकांना विचारायला फारसा वेळ लागत नाही. संशय आल्यास डोक्याचा सीटी स्कॅन आधी करावा लागतो.

रुग्ण वाचल्यास हृदयाचा हा दुबळेपणा साधारणपणे काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतो. अडचण मधल्या काळाची असते. रक्तस्रावानंतर सुमारे चौथ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान मेंदूच्या धमन्या आकसू शकतात. तेव्हा मेंदूला रक्त पुरवण्यासाठी रक्तदाब पुरेसा ठेवावा लागतो, आणि नेमके तेच काम थकलेल्या हृदयाला जड जाते.