मंद झालेला जुना लॅपटॉप: रॅम अपुरी पडते आहे की हार्ड डिस्क निकामी होते आहे?

जुना लॅपटॉप सुरू केला की कामाला लागायला पाच-सात मिनिटे घेतो, ब्राउझरवर क्लिक केल्यावर वर्तुळ नुसते फिरत राहते, कडेचा डिस्कचा दिवा विझायचे नाव घेत नाही आणि टास्क मॅनेजर (कोणते काम संगणकाचा किती भाग वापरते ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के हा आकडा ठाण मांडून बसलेला दिसतो. या लक्षणांवर बहुतेकांकडून दोनच सल्ले मिळतात: ‘रॅम वाढवा’ किंवा ‘फॉरमॅट मारा’. दोन्ही सल्ले निदानाआधीच दिलेले असतात. कारण हीच लक्षणे दोन अगदी वेगळ्या दुखण्यांत दिसतात. एकात डिस्क धडधाकट असते, पण तिच्यावर मेमरीचे, म्हणजे रॅमचे, काम येऊन पडलेले असते. दुसऱ्यात मेमरी पुरेशी असते, पण डिस्कच अखेरच्या टप्प्यात असते. पहिल्यात फक्त वेळ जातो, दुसऱ्यात वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रे जाऊ शकतात.

गोंधळ होतो तो त्या १०० टक्क्यांच्या आकड्यामुळे. तो डिस्कचा वेग सांगत नाही आणि डिस्क किती भरली आहे हेही सांगत नाही. किती वेळ डिस्कपुढे निदान एक तरी मागणी प्रलंबित होती, एवढेच तो सांगतो. त्यामुळे शंभर छोट्या मागण्या धावपळ करून पुऱ्या करणारी डिस्क आणि एकाच मागणीवर अडून बसलेली डिस्क या दोघींच्या नावापुढे तोच आकडा लागतो.

पहिले दुखणे आधी पाहू. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आजचा ब्राउझर दहा-बारा टॅबसह उघडला की रॅम भरते, आणि मग विंडोज सध्या न लागणारी पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहून ठेवते व लागली की परत वाचते. ही सोय वाईट नाही. वाईट आहे ती रॅम आणि डिस्क यांच्या वेगातली तफावत. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ११ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (डिस्कच्या वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद आणि हेड योग्य पट्ट्यावर सरकण्यासाठी आणखी दहा-बारा. एकूण सेकंदाला जेमतेम साठ विखुरलेली वाचने होतात. एक पान चार केबीचे असते, त्यामुळे अशा वाचनातून सेकंदाला सुमारे अडीचशे केबीच हाती लागतात, जरी तीच डिस्क सलग मोठी फाइल वाचताना १०० एमबीच्या आसपास पोहोचत असली तरी. रॅमला याच कामासाठी मिलिसेकंदाचा दहा-हजारावा भाग पुरतो.

दुसऱ्या दुखण्यात डिस्कच्या आतल्या फिरत्या तबकडीवरच्या काही जागा वाचता येईनाशा झालेल्या असतात. अशी जागा आली की डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि विंडोजही एका मागणीसाठी ६० सेकंदांपर्यंत वाट पाहू शकते. तोवर मागच्या सगळ्या मागण्या खोळंबतात, माउसचा बाण हलतो पण बाकी काहीच हलत नाही, आणि मग एकाएकी सगळे पूर्ववत चालू लागते.

या दोघांना वेगळे ओळखण्यासाठी मला एक प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतो: मंदपणा ओझ्याबरोबर बदलतो की जागेबरोबर? रॅम अपुरी असेल तर टॅब बंद केल्यावर थोड्याच वेळात हायसे वाटते, कारण ओझे उतरलेले असते. डिस्क बिघडत असेल तर टॅब बंद करून काहीच फरक पडत नाही, मात्र ठरावीक फाइल किंवा फोल्डर आला की गाडी तिथेच अडते. माझ्या एका जुन्या लॅपटॉपवरचा फोटोंचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवताना ते ध्यानात आले. कॉपी झरझर पुढे जायची आणि दर वेळी त्याच एका फोटोपाशी येऊन वेग शून्यावर उतरायचा. तो फोटो वगळला तर पुढचे दोनशे विनातक्रार उतरले. तोवर माझी रॅमची पट्टी विकत घेऊन बसवूनही झाली होती.

आवाजाचाही थोडा आधार मिळतो. पेजफाइलच्या ये-जा करण्यातली कुरकुर सतत आणि अनियमित असते, तर अडलेली डिस्क एका तालात टक्, थोडी शांतता, पुन्हा टक् असे करते. तरीही लॅपटॉपची निरोगी डिस्कसुद्धा रिकामी असताना हेड बाजूला नेऊन ठेवते आणि तेव्हा हलका टक् आवाज येतो, म्हणून नुसत्या कानांवर भिस्त ठेवू नये.

आकडे पाहायचे तर लॅपटॉप पुन्हा सुरू करून, काहीही न उघडता पंधरा मिनिटे थांबावे, कारण सुरुवातीला अपडेट आणि अँटिव्हायरस निरोगी डिस्कलाही १०० टक्क्यांवर नेतात. नंतर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात डिस्कचा सरासरी प्रतिसादकाल पाहावा. तो दहा-वीस मिलिसेकंद असणे स्वाभाविक. रांग लागली की शे-दोनशे, क्वचित त्याहून अधिक. पण तो हजारांत जात असेल, त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग शून्याजवळ असेल आणि मेमरी निम्मी रिकामी असेल, तर संशय डिस्कवरच जातो. उलट मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि रिसोर्स मॉनिटर या विंडोजच्याच साधनातले हार्ड फॉल्ट सेकंदाला शेकड्यांनी सतत येत असतील तर रॅम अपुरी आहे. हार्ड फॉल्ट हे नाव भीतिदायक असले तरी त्याचा बिघाडाशी संबंध नाही. हवे असलेले पान रॅमऐवजी डिस्कवरून आणावे लागले, इतकाच त्याचा अर्थ.

डिस्कवरचा संशय पक्का करायला क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे साधन डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही दाखवते. त्यातल्या ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहाव्यात: बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे), वाचण्याच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि न सुधारणारे सेक्टर. मूळ आकडे तिथे सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, त्यामुळे शेवटी दिसणारे १० म्हणजे सोळा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदीत) डिस्कच्या नावावर ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसत असतील तर त्याही याच बाजूने साक्ष देतात. नोंदवही स्वच्छ असणे मात्र निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर या प्रकारच्या प्रमुख चार खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती.

संशय डिस्कवर असेल तर पहिले काम दुरुस्तीचे नाही, प्रत काढण्याचे आहे. आणि तेही सर्वांत मोलाच्या फोल्डरपासून. इथे अनेक जण घाईने चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासण्याच्या साधनाची पूर्ण तपासणी लावतात. ती प्रत्येक सेक्टर वाचते, आणि थकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवून उरलेसुरले आयुष्य तिथेच खर्ची पडू शकते. फॉरमॅट तर आणखी फसवा: नव्याने विंडोज टाकले की फाइली तबकडीवरच्या दुसऱ्या जागी जाऊन बसतात, लॅपटॉप काही दिवस छान चालतो, आणि दुखणे बरे झाल्याच्या समाधानात प्रत काढायची राहून जाते.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवली की दोन्ही दुखणी एकदम जातात, असे वाटते, आणि वरवर पाहता ते खरेही आहे. विखुरलेल्या वाचनाला तिला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, म्हणून रॅमची टंचाई जाणवेनाशी होते; ती संपलेली नसते. डिस्क बदलल्यावर आठवडाभर नेहमीची कामे करून मेमरीचा आकडा पुन्हा पाहावा. तो तेव्हाही ९० टक्क्यांच्या पुढे जात असेल तर रॅम वाढवावी, मात्र पट्टी घेण्याआधी लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून पाहावे, कारण काही मॉडेलांत रॅम मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असते आणि जास्तीचा स्लॉट नसतोच.