गोव्यातले घरगुती वीजदर: निवडीची वाट कुठे उघडली, कुठे अडली

गोव्यात घरांना वीज विकणारा एकच आहे आणि तो राज्य सरकारचा विभाग आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही जा, बिल वीज खात्याचेच. दरवाढीची बातमी आली की लोक विचारतात, मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, मग विजेची का नाही? प्रश्न रास्त आहे.

1948 च्या वीज पुरवठा कायद्यानुसार देशातल्या बहुतेक राज्यांनी वीज मंडळे उभी केली, तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. 1961 च्या डिसेंबरमध्ये मुक्ती मिळाली, 1963 मध्ये वीज खाते सुरू झाले आणि 1987 मध्ये घटक राज्य झाल्यावरही ते खातेच राहिले. शेजारी महाराष्ट्रात 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. गोव्यात तसे काही झाले नाही. विजेचे दर ठरवणे हा कित्येक वर्षे सरकारचाच निर्णय होता. त्यामुळे दर सौम्य राहिले, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण खरेदीचा खर्च आणि वसुली यांतली तूट तिजोरीतून भरली जायची आणि ती सामान्य ग्राहकाच्या नजरेस पडत नसे.

गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते: कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा केंद्रीय प्रकल्पांतला वाटा, सह्याद्री ओलांडून येणाऱ्या वाहिन्यांवरून. साकवाळला नाफ्त्यावर चालणारा 48 मेगावॅटचा खासगी प्रकल्प होता, पण त्याची वीज महाग पडे. म्हणून कोरबा प्रकल्प ज्या राज्यात आहे त्या छत्तीसगडात कोळसा महागला की झळ डिचोलीतल्या बिलाला लागते. बिलावर इंधन आणि वीज खरेदी समायोजनाची जी ओळ असते, ती हीच झळ. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने नियम बदलून हा भार दरमहा आपोआप लावण्याची तरतूद केली. मूळ दर तसाच असताना बिल का फुगले, याचे उत्तर पुष्कळदा याच ओळीत सापडते.

निवडीचा दरवाजा पहिल्यांदा उघडला तो 2003 च्या वीज कायद्याने, पण तो मोठ्यांसाठी. एक मेगावॅटहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकाला हव्या त्या पुरवठादाराकडून वीज आणायची मुभा मिळाली. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या मोठ्या कारखान्याला ही वाट आहे, त्याच कुंडईतल्या घराला नाही.

मुंबईत मात्र घरांनाही ती मिळाली. जुलै 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकायचा हक्क आहे असा निकाल दिला. ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने, म्हणजे विजेचे दर ठरवणाऱ्या संस्थेने, उपनगरांतल्या ग्राहकांना तिथे आधीपासून वीज देणाऱ्या रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घ्यायची परवानगी दिली आणि लोक मोठ्या संख्येने तिकडे वळले. पुढे या ग्राहकांवर जुन्या कंपनीचे अधिभार बसले आणि स्वस्ताईचा बराच भाग त्यातच गेला. हीच कल्पना देशभर नेण्यासाठी, म्हणजे एकाच भागात अनेक वितरक आणण्यासाठी, 8 ऑगस्ट 2022 रोजी लोकसभेत विधेयक मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले.

नुसती निवड मिळाली म्हणजे भागत नाही, हे ज्यांची माणसे इंग्लंडात आहेत त्या गोव्यातल्या घरांनी 2021–22 मध्ये फोनवर ऐकले. तिथे 1999 पासून प्रत्येक घर पुरवठादार बदलू शकते. पण गॅसचे भाव कडाडले तेव्हा सुमारे तीस पुरवठादार बुडाले, बदलायला स्वस्त योजनाच उरली नाही आणि शेवटी सरकारला बिलांवर लगाम घालावा लागला.

मग गोव्यातल्या घराच्या हातात काय आहे? माझ्या मते दिसते त्यापेक्षा बरेच. बिल उघडून मंजूर भार बघा, म्हणजे तुमच्या जोडणीला किती किलोवॅट मंजूर आहेत ते. स्थिर आकार त्या किलोवॅटवर लागतो, युनिट जळो न जळो. वडिलोपार्जित घर, माणसे मुंबईला, घर उघडते चवथीला आणि एखाद्या लग्नाला. अशा घरांवर कधीकाळी घेतलेला मोठा भार तसाच चालू असतो. तो कमी करायला अर्ज करता येतो. उलट, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ लागलात तर घरगुती वर्ग सुटून व्यावसायिक दर लागू शकतो, हे आधी विचारून घ्यावे.

स्लॅबबद्दलही, म्हणजे वापर वाढेल तसे चढत जाणाऱ्या दरांच्या टप्प्यांबद्दलही, एक गैरसमज घट्ट आहे. 200 युनिट ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. 250 युनिट झाले तर पहिले शंभर पहिल्या दराने, पुढचे शंभर दुसऱ्या दराने आणि फक्त वरचे पन्नास तिसऱ्या दराने. मे महिन्यात एसी लावणाऱ्या घराचा शेवटचा युनिटच सर्वांत महाग असतो, म्हणून बचत तिथे करावी.

छतावरची सौर वीज हा आणखी एक मार्ग. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान आहे. नेट मीटरमुळे दिवसा उरलेली वीज खात्याच्या तारांत जाते आणि बिलातून वजा होते. ज्याला स्वतःचे छप्पर नाही, जो भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याला याचा काही उपयोग नाही. ही त्रुटी मला फार खटकते.

वेळेनुसार दर हा यापुढचा बदल. केंद्राच्या जून 2023 च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर, म्हणजे वीज कोणत्या वेळी वापरली तेही नोंदवणारा मीटर, बसलेल्या ग्राहकाला उन्हाच्या तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांत घरांसाठी किमान 10 टक्के जास्त असायला हवा. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी चालवू शकणाऱ्या घराला फायदा. दिवसभर कामावर असणाऱ्यांना संध्याकाळचाच दर.

आणि दर ठरतो कुठे? गोव्याला स्वतःचा आयोग नाही. गोवा आणि केंद्रशासित प्रदेश यांचा संयुक्त वीज नियामक आयोग 2008 पासून आहे, त्याचे कार्यालय हरयाणात गुरुग्रामला. खाते त्याच्याकडे याचिका घेऊन जाते, आयोग गोव्यात येऊन जाहीर सुनावणी घेतो आणि मग आदेश काढतो. सरकारला दर आणखी कमी ठेवायचा असेल तर कायद्याच्या 65 व्या कलमानुसार अनुदानाचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. उद्योजकांच्या संघटना या सुनावणीला आकडे घेऊन जातात. घरगुती ग्राहकालाही तिथे बोलायचा तितकाच हक्क आहे. याचिका आयोगाच्या संकेतस्थळावर असते, सुनावणीची सूचना वर्तमानपत्रांत छापून येते आणि ज्याला जाणे जमत नाही त्याला हरकत लेखी पाठवता येते.