कमी गोल, जास्त आशा: पाटेलाइनेन आणि दुबळ्या संघाचं गणित

२२ मार्च २०१३. स्पेनमधल्या हिखोन शहरात विश्वचषक पात्रतेचा सामना. स्पेन तेव्हा विश्वविजेता होता आणि युरोपविजेताही. समोर फिनलंड. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच सर्जिओ रामोसने स्पेनचा गोल केला. ७९व्या मिनिटाला तेमू पुक्कीने तो फेडला आणि सामना १-१ असा सुटला. फिनलंडचा प्रशिक्षक होता मिक्सू पाटेलाइनेन, एकेकाळचा धिप्पाड आघाडीपटू.

या निकालाला चमत्कार म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यामागे फार सुंदर गणित आहे आणि ते पाटेलाइनेनच्या सबंध कारकिर्दीत दिसतं.

फुटबॉलमध्ये गोल ही दुर्मीळ घटना. नव्वद मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून साधारण अडीच ते तीन. अशा क्वचित घडणाऱ्या घटनांची सरासरी माहीत असेल, तर त्या नेमक्या किती वेळा घडतील याची शक्यता सांगणारं सूत्र फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ मध्ये मांडलं. पुढे १८९८ मध्ये बोर्टकिविच यांनी ते प्रशियाच्या घोडदळाला लावून पाहिलं. घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, याच्या दहा तुकड्यांच्या वीस वर्षांच्या, म्हणजे एकूण २०० नोंदी त्यांच्यापुढे होत्या. मृत्यू १२२. एकही मृत्यू नसलेल्या नोंदी किती असाव्यात? सूत्र म्हणतं, सुमारे १०९. प्रत्यक्षातही १०९च होत्या.

आता आघाडीपटूकडे येऊ. पाटेलाइनेन १९८७ मध्ये हाका क्लबमधून स्कॉटलंडच्या डंडी युनायटेडमध्ये गेला. पुढे ॲबरडीन, बोल्टन, हिबर्नियन असा प्रवास झाला. फिनलंडसाठी ७० सामन्यांत १८ गोल, म्हणजे साधारण चार सामन्यांत एक. पण त्यातले चार गोल एकाच सामन्यातले आहेत: डिसेंबर १९९४, सॅन मरिनोविरुद्ध ४-१, आणि चारही त्याचेच. त्याच्या सरासरीवर प्वासाँचं सूत्र चालवलं, तर एका सामन्यात चार किंवा जास्त गोल होण्याची शक्यता येते जवळपास सात हजारांत एक. मग सूत्र चुकलं का? नाही, गृहीतक चुकलं. प्रत्येक प्रतिस्पर्धी सारखाच, असं आपण धरून चाललो. सॅन मरिनो हा मूठभर लोकवस्तीचा देश आहे. सरासरीमागे समोरचा संघ दडलेला असतो, हे आकडे वाचताना हटकून विसरलं जातं. मात्र सगळंच प्रतिस्पर्ध्याच्या खात्यावर टाकता येत नाही. ऑक्टोबर २००० मध्ये एडिनबराच्या डर्बीत, म्हणजे त्या एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या लढतीत, हिबर्नियनने हार्ट्सला ६-२ हरवलं, त्यात त्याची हॅटट्रिक होती आणि हार्ट्स काही सॅन मरिनो नव्हे.

प्रशिक्षक झाल्यावर त्याचं गणित उलटलं. काउडनबीथ, तुर्कूचा टीपीएस, हिबर्नियन, किल्मारनॉक असे क्लब सांभाळत २०११ मध्ये तो फिनलंडच्या राष्ट्रीय संघाकडे आला. आणि दुबळ्या संघासाठी सामन्यात गोल जितके कमी, तितकं बरं.

समजा, स्पेनकडून सरासरी २.५ गोल अपेक्षित आहेत आणि फिनलंडकडून ०.५. सूत्रानुसार फिनलंड न हरण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, म्हणजे पाचांत जवळपास एक. आता ताकदीचं पाचास एक हे प्रमाण तसंच ठेवू, पण खेळ संथ करू: स्पेन १.५, फिनलंड ०.३. न हरण्याची शक्यता चढते ३२ टक्क्यांवर. फिनलंडचा कुणीही खेळाडू सुधारलेला नाही, उलट त्यांचे अपेक्षित गोलही घटलेत, तरी आशा वाढली! पावसाने वीस षटकांचा सामना पाच षटकांवर आणला की कमकुवत संघाचे डोळे चमकतात, त्यातलाच हा प्रकार. घटना जितक्या कमी, तितका ताकदीतला फरक उमटायला वाव कमी.

म्हणूनच दुबळे संघ मागे सरकून गर्दी करतात, दोन फळ्यांमधली जागा आवळतात, प्रतिस्पर्ध्याला लांबून फटके मारायला भाग पाडतात. प्रेक्षक त्याला भित्रा खेळ म्हणतात. मला तो अतिशय शहाणा खेळ वाटतो. गोल करण्यात हयात घालवलेल्या माणसाने हे स्वीकारणं सोपं नसणार.

पण या मार्गाची मर्यादाही त्याच गणितात आहे. ताकद बरोबरीची असेल तेव्हा कमी घटनांचा काहीच फायदा नसतो. निकाल एखाद्या क्षणावर लटकतो, एवढंच. युरो २०१६ या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रतेत हंगेरीने फिनलंडला दोन्ही सामन्यांत १-० हरवलं, आणि जून २०१५ मधल्या दुसऱ्या पराभवानंतर पाटेलाइनेनची नोकरी गेली. पुढे त्याने लॅटविया आणि हाँगकाँगचे राष्ट्रीय संघ सांभाळले.

शिवाय बरोबरीला एक गुण आणि विजयाला तीन, त्यामुळे नुसतं न हरणं पुरत नाही. फिनलंड अखेर पहिल्यांदा युरोसाठी पात्र ठरला तो २०१९ मध्ये, मार्कू कानेर्वाच्या हाताखाली: दहा सामन्यांत सहा विजय, चार पराभव, बरोबरी एकही नाही. इटलीने त्यांना दोनदा हरवलं, तरी फरक पडला नाही. संघाच्या १६ गोलांपैकी १० एकट्या पुक्कीचे होते.