गप्प पडलेलं मांजर आणि शांत असलेलं मांजर

‘दयामरणाचं इंजेक्शन कशाला? त्याचं ते झोपेत जाईल.’ म्हाताऱ्या मांजराबद्दल हे इतक्या मायेनं बोललं जातं की त्यातला घोटाळा कुणाच्या ध्यानातच येत नाही. नैसर्गिक मरण आणि शांत मरण एकच, असं आपण धरून चालतो आणि त्याची किंमत मांजर मोजतं.

दयामरण कसं देतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. बहुधा आधी गुंगीचं औषध, मग पेंटोबार्बिटल या भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा आचकाही येऊ शकतो. तेवढं आधी माहीत असावं.

गोंधळ आहे तो दुसऱ्या बाजूला. झोपेत अलगद जाणारी मांजरं असतात, पण त्या भरवशावर राहू नये. म्हातारपणी मूत्रपिंडं निकामी होणं फार नेहमीचं. मग रक्तात नको ती द्रव्यं साठतात, तोंडात व्रण पडतात, अंगातलं पाणी आटतं. मांजर वाटीपाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं आणि मागे फिरतं. लोक म्हणतात, त्याचं खाण्यावरचं मन उडालं. अहो, त्याला मळमळतंय! असे कित्येक दिवस जाऊ शकतात. आपल्याला दिसतं ते एवढंच, की ते कोपऱ्यात गप्प पडलंय. ‘शांत आहे बिचारं.’

दुखणं लपवणं मांजराच्या रक्तातच आहे, म्हणून ओरडण्याची वाट पाहू नका. बसणं पाहा. सुखात असलेलं मांजर कुशीवर सैल पडतं, पाय ताणतं, जागा बदलतं, अंग चाटून स्वच्छ ठेवतं. दुखणारं मांजर पाय पोटाखाली घेऊन कुबड काढून बसतं. डोकं खांद्यांच्याही खाली, डोळे अर्धवट मिटलेले, कान बाहेरच्या बाजूला वळलेले, केसांच्या गुठळ्या झालेल्या. आणि ‘घुरघुरतंय म्हणजे बरं आहे’ हे तर कृपा करून कुणी म्हणू नये. मांजरं वेदनेतही घुरघुरतात, अगदी शेवटच्या घटकेलाही.

घरीच जाऊ द्यायचं ठरवलंत तरी त्यालाही औषधं लागतात: पशुवैद्यानं दिलेलं वेदनाशामक, मळमळीवरचं औषध, गरज पडली तर कातडीखाली सलाईन. यातलं काहीच न करता नुसतं उशाशी बसून राहण्याला मी काळजी म्हणणार नाही. घरातलं पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका. एका गोळीनंही मांजराचा जीव जाऊ शकतो.

‘वेळ आली की तेच सांगेल’ यावरही माझा विश्वास नाही. त्यापेक्षा अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी घ्या. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस जास्त आहेत का, अशा ७ गोष्टींना ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानायचं. रोज लिहून ठेवा, आठवणीवर विसंबू नका. श्वास त्यात वेदनेच्या खात्यात धरलाय आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर बाकी रकाने कितीही भरलेले असोत, बेरीज करत बसू नका. त्याच घडीला पशुवैद्याला गाठा.