नाइटचं मृत्युपत्र आणि नाइटच्या मृत्यूनंतरची चौकशी

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एखाद्या नाइटचं घराणं शोधायला बसलेली माणसं हमखास एकाच जागी चुकतात. नाइट वारल्यावर राजाच्या अधिकाऱ्याने केलेली चौकशी, म्हणजे ‘इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम’, त्यांच्या हाती येते. तिच्यात दोन मॅनर (म्हणजे जमीनदाराच्या हक्कातल्या शेतजमिनीच्या इस्टेटी) आणि एका मुलाचं नाव असतं. लगेच वंशावळीत लिहिलं जातं: मालमत्ता दोन मॅनर, अपत्य एक. पुढे कधीतरी त्याचं मृत्युपत्र सापडतं, त्यात तिसरं मॅनर आणि चार मुलं निघतात, मग ‘कागदपत्रांत विसंगती’ अशी तळटीप पडते. ही तळटीप वाचून वाचून कंटाळा आला आहे. बहुतेक वेळा तिथे विसंगती नसतेच.

मृत्युपत्र म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. तेव्हाचंही ओळखीचं वाटेल: कुठे पुरायचं, चर्चला किती द्यायचं, मुलींना काय, नोकरांना काय. ते चर्चच्या न्यायालयात सिद्ध होई. कँटरबरीच्या मुख्य न्यायालयातल्या नोंदवह्या १३८४ पासून पाहायला मिळतात. भाषा लॅटिन, कधी फ्रेंच, पुढे इंग्रजी. आपल्या सवयीला न पटणारी गोष्ट एकच: काही शहरांतल्या रूढी सोडल्या, तर १५४० च्या कायद्यापर्यंत मृत्युपत्राने जमीन देताच येत नव्हती. जमीन वारसाहक्काच्या नियमानेच जायची.

चौकशीचा हेतू पूर्ण वेगळा. मृताला काय वाटत होतं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. राजाचं काय येणं लागतं, एवढंच तिला हवं असतं. थेट राजाकडून जमीन धरणारा माणूस वारला की चॅन्सरीतून, म्हणजे राजाच्या लेखन-कचेरीतून, हुकूम निघे. एस्चीटर नावाचा अधिकारी त्या त्या काउंटीत स्थानिक लोकांची ज्यूरी बसवून शपथेवर विचारी: मरणाच्या दिवशी त्याच्या ताब्यात कोणती जमीन होती, कोणाकडून, कोणत्या सेवेच्या बदल्यात, वर्षाला किती उत्पन्नाची? तो कधी वारला? सर्वांत जवळचा वारस कोण, त्याचं वय काय? वारस सज्ञान असेल तर तो वारसपट्टी भरून जमीन सोडवून घेई. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने ही रक्कम नाइटच्या एका पूर्ण जहागिरीमागे १०० शिलिंग ठरवली होती. वारस अज्ञान असेल तर जमीन आणि त्या मुलाचं लग्न ठरवण्याचा हक्क, दोन्ही राजाकडे जात. आपल्याकडच्या वारसनोंदीच्या फेरफारासारखा हा कागद आहे, फक्त तो राजाच्या वसुलीसाठी लिहिलेला आहे.

म्हणूनच त्यात न दिसणारी जमीन ‘नव्हतीच’ असं मानणं ही सर्वांत मोठी चूक. ती न दिसण्याची तीन कारणं सतत भेटतात. एक, नाइट राजाऐवजी एखाद्या अर्लकडून (बड्या सरदाराकडून) किंवा मठाकडून जमीन धरत असेल, तर बहुधा चौकशीच होत नसे. असे नाइट पुष्कळ होते आणि ते भूमिहीन मुळीच नव्हते. दोन, नवराबायकोच्या संयुक्त नावावरची जमीन थेट विधवेकडे राही, राजाच्या हाती येत नसे. ज्यूरी कधी तिचा उल्लेख करी, कधी नाही.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नाइट मंडळी जिवंतपणीच आपली जमीन विश्वासू मित्रांच्या नावावर करून देऊ लागली. कायद्याने मालक ते मित्र, उपभोग नाइटचा. तो वारला तरी कायदेशीर मालक जिवंतच, मग राजाला काय मिळणार? मोठमोठ्या माणसांच्या चौकशीत ‘काही जमीन धरत नव्हता’ असं उत्तर येतं ते अनेकदा यामुळे. आणि त्याच्या मृत्युपत्रात मॅनरचं नाव येतं ते या मित्रांना दिलेली सूचना म्हणून: अमुक जमीन माझ्या धाकट्याला द्या, तमुक विकून कर्ज फेडा.

सर जॉन फास्टॉल्फ हे याचं ठसठशीत उदाहरण. १४५९ च्या नोव्हेंबरमध्ये नॉरफोकमधल्या केस्टर इथे तो निपुत्रिक वारला. जमिनी विश्वस्तांच्या नावावर होत्या. मरणाआधी दोन दिवसांचं म्हणून त्याचा सल्लागार जॉन पास्टनने जे मृत्युपत्र पुढे आणलं, त्यावर मृत्युपत्राच्या इतर व्यवस्थापकांनी हरकत घेतली. भांडण इतकं लांबलं की १४६९ मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकने केस्टरच्या किल्ल्याला वेढा घातला. एवढा मोठा जमीनव्यवहार निव्वळ चौकशीच्या कागदातून उलगडणार नाही.

माणसांबाबतही चौकशी अपुरीच पडते. चौकशी वारसापुरतीच नावं देते. १३४५ च्या मे महिन्यात वारलेल्या लिंकनशरमधल्या अर्नम गावच्या सर जेफ्री लट्रेलचा वारस अँड्र्यू चौकशीतून समजेल, पण घरातली बाकीची माणसं हवीत तर त्याच वर्षीच्या एप्रिलचं मृत्युपत्रच उघडावं लागतं. मुलगे नसतील तर सगळ्या मुली समान वारस असतात. थोरला मुलगा बापाआधी वारला असून त्याला मुलगी असेल, तर धाकटा काका बाजूला राहतो आणि वारसा नातीकडे जातो. हे न समजल्यामुळे कित्येक वंशावळींत नात मुलगी होऊन बसली आहे. आणि ‘२१ वर्षं व अधिक’ यावरून जन्मसाल काढणं तर कृपा करून थांबवा. तो सज्ञान आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उत्पन्नाच्या आकड्यांवरही माझा फारसा विश्वास नाही, ते बहुधा कमी सांगितलेले असतात. जमिनीसाठी मी आधी ‘फीट ऑफ फाइन्स’ पाहते. ११९५ पासून जमीनव्यवहाराच्या करारनाम्याच्या तीन प्रती करून तळची न्यायालयात ठेवत, म्हणून संयुक्त नावं तिथे स्पष्ट सापडतात. त्यानंतर, चौकशी झाली असेल तर, विधवेच्या मृत्यूनंतरची. नवऱ्याच्या कागदात न दिसलेलं मॅनर पुष्कळदा तिच्या कागदात उभं असतं, कोणी कधी दिलं त्याच्या तपशिलासकट. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात या चौकशा सी १३२ ते सी १४२ या मालिकांत राजांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. विधवा नवऱ्यामागे तीस-चाळीस वर्षं जगलेली असू शकते, त्यामुळे पुढच्या राजाची मालिकाही चाळा.