‘सिन्स फाइव्ह इयर्स’चं मूळ मराठीत आहे

‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ पुण्यात शास्त्री रस्त्यावरच्या कुठल्याही अभ्यासिकेत हे वाक्य फळ्यावर लिहून चूक विचारा. ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहिणारे पुष्कळ निघतील आणि तिथेच थांबणारेही पुष्कळ. दुसरी चूक जास्त चिवट आहे. ‘ॲम लिव्हिंग’ऐवजी ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं. मराठीत ‘पाच वर्षांपासून राहतोय’ म्हणताना क्रियापद वर्तमानकाळातच राहतं, इंग्रजीत ते चालत नाही. शिवाय ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’ असं एकदा पाठ झालं की तो शब्द कुठेही चिकटतो. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, म्हणजे सोमवार, दिवाळी किंवा 2020 साल. ‘फॉर’ला मुदत लागते.

भाषाशास्त्रज्ञ एस. पी. कॉर्डर यांनी 1967 साली मांडलेला भेद इथे कामाला येतो. घाईत, दमल्यावर हातून निसटते ती एक चूक. नियमच डोक्यात वेगळा बसलाय म्हणून होते ती दुसरी. ही दुसरी चूक ज्या भाषेतून येते तिला भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये नाव दिलं: ‘इंटरलँग्वेज’. शिकणाऱ्याची स्वतःची, अर्ध्या वाटेवरची भाषा. तिचे नियम चुकीचे असतील, पण असतात नियमच. दोन्ही चुकांतला फरक ओळखणं सोपं आहे. चुकीच्या शब्दाखाली नुसती रेघ मारून, उत्तर न सांगता, वही परत द्यायची. विद्यार्थ्याने स्वतःच पटकन दुरुस्त केलं तर ती निसटलेली चूक. ‘यात काय चुकलं?’ असा चेहरा झाला, तर सराव तिथे हवा.

मराठी माणसाच्या इंग्रजीत अशा चुकांचा मोठा साठा विभक्तीतून येतो. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, हवं ‘विथ’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’, हवं ‘टू’. ‘त्याला म्हणालो’चं ‘सेड हिम’ होतं. हवं ‘टोल्ड हिम’. ‘विषयाबद्दल चर्चा’ करायची म्हणून ‘डिस्कस अबाउट’ येतं, आणि तिथे खरं तर काहीच नको. बाजारातल्या तयार सराव-संचांत या चुका इतर भाषकांच्या चुकांसोबत विखुरलेल्या असतात. त्यामुळे सरावाची वाक्यं वर्गाच्याच वह्यांतून, नावं काढून, उचललेली बरी.

चुका शोधण्याच्या सरावासाठी वीस वाक्यांचा कागद केला तर सहाएक वाक्यं मुद्दाम बरोबर ठेवावीत. प्रत्येक वाक्यात चूक आहे हे ठाऊक असलं की विद्यार्थी वाचत नाही, संशय घेतो आणि धडधाकट शब्दही बदलतो. बँकेच्या परीक्षांत ‘नो एरर’ हा पर्याय भल्याभल्यांना चकवतो तो यामुळेच. सगळी चौदा चुकीची वाक्यं शब्दयोगी अव्ययांचीच ठेवू नयेत. काय शोधायचं हे आधीच कळलं तर शोधण्याचा सराव उरत नाही.

प्रत्येक वाक्याला चार कामं: चुकीखाली रेघ, कमीत कमी शब्द बदलून दुरुस्ती, कारण एका ओळीत (मराठीत चालेल), आणि त्याच नियमाचं स्वतःचं नवीन वाक्य. ‘कमीत कमी’ हे महत्त्वाचं. नाहीतर ‘ही इज मॅरीड विथ माय सिस्टर’ दिल्यावर ‘ही इज माय ब्रदर-इन-लॉ’ असं उत्तर येतं. नातं बरोबर, वाक्य बरोबर, सराव वाया! कारणाची ओळ मुलं टाळतात, पण ‘कानाला बरं वाटलं’ आणि ‘नियम कळला’ यांतला फरक तिथेच उघडा पडतो.

स्वतःच्या चुका दिसत नाहीत याचं एक कारण डोळ्यांत आहे. वाचताना नजर सरकत नाही, उड्या मारते. डोळ्यांच्या हालचालींच्या अभ्यासांत असं दिसतं की अर्थवाही शब्दांवर नजर सुमारे 85 टक्के वेळा टेकते, तर ‘द’, ‘ऑफ’, ‘इन’सारख्या शब्दांवर सुमारे 35 टक्केच. आणि आपल्या चुका नेमक्या या चिमुकल्या शब्दांत. म्हणून पेन्सिलीचं टोक एकेका शब्दाखाली ठेवून मोठ्याने वाचावं, शेवटच्या वाक्यापासून उलट सुरुवात करावी. म्हणजे अर्थाचा ओघ तुटतो.

कर्ता-क्रियापदाच्या मेळात आणखी एक सापळा आहे. ‘आंब्यांची पेटी महाग आहे’ म्हणताना ‘पेटी’ क्रियापदाच्या बाजूला असते, ‘आंबे’ लांब. इंग्रजीत क्रम उलटतो. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ म्हटल्यावर लगेच शेजारी आलेलं अनेकवचन ‘आर’ ओढून घेतं. ही चूक जन्मापासून इंग्रजी बोलणारेही करतात, तेव्हा फार लाजायला नको. ‘ऑफ’पासून ‘मँगोज’पर्यंतचा भाग अंगठ्याने झाकला की ‘इज’ दिसतं.

‘अ’ की ‘ॲन’ याला तर आपल्या लिपीतच औषध आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहा. ‘ऑनेस्ट’, ‘अवर’, ‘एमपीएससी’ स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’, ‘वन’, ‘यूपीएससी’ व्यंजनाने, म्हणून ‘अ’. रोमन स्पेलिंग जिथे फसवतं तिथे बाराखडी फसवत नाही. ‘द’ कुठे लावायचा, याला मात्र असा सोपा उतारा नाही. तो वाचून वाचूनच अंगी येतो.

चुका वाचून चुकाच पाठ होतील ही भीती पालकांना असते. उत्तर दुसऱ्या आठवड्यात मिळणार असेल तर ती अगदीच निराधार नाही. तपासणी त्याच बैठकीत व्हावी. बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर दाखवलं की खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर, योग्य उत्तर सांगितल्यावर, जास्त पक्कं सुधारतं. म्हणून रेघ मारण्यापूर्वी समासात ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ लिहून घ्यावं. खात्रीने चुकलेली वाक्यं आधी चर्चेला घ्यावीत.

लाल शाईने पान भरून काही साधत नाही. एका खेपेला चुकांचे दोनच प्रकार धरावेत. दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी तोच नियम पुन्हा घ्यावा, पण नव्या वाक्यात. जुनं वाक्य दिलं तर नियम नाही, उत्तर आठवतं. तिन्ही वेळा चूक टळली की तो नियम तोंडी सरावाला न्यायचा, कारण कागदावर सुटलेला ‘सिन्स’ बोलताना हमखास परत येतो. प्रत्येकाने आपापल्या आयुष्यातली मुदत घालून वाक्य म्हणायचं, न थांबता: ‘आय हॅव बीन ईटिंग ॲट धिस मेस फॉर एट मन्थ्स.’